जुना ऑर्गन, पियानोची पुस्तकं आणि आजोबांची वही – नक्की काय वाजवायचं?

गावभागातली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे, माडीवर आजोबांचा ऑर्गन आहे. पायाने भाता मारायचा तो, अमेरिकन बनावटीचा, पाच सप्तकांचा, वर नऊ स्टॉप (वेगवेगळे आवाज उघडायच्या, ओढायच्या खुंट्या). आजोबा हौशी नाटक मंडळ्यांत साथ करायचे, आई सांगते की सीझनला महिना महिना घरी जेवायला नसायचे. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावर पुरुषभर पाणी होतं, ऑर्गन माडीवर म्हणून वाचला पण त्यांची पुस्तकांची ट्रंक जिन्याखालीच राहिली. त्यातून तीन वह्या आणि काही छापील पुस्तकं हाती लागली, तीही वाळून कडक झालेली, पानं एकमेकांना चिकटलेली.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, डिजिटल पियानोवर शिकते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची तिसरी ग्रेड झालीये. दिवाळीत भात्याचं कापड बदलून घेतलं, ऑर्गन पुन्हा बोलायला लागला आणि ती जी बसली ती उठायलाच तयार नाही. पण तिच्या पुस्तकातलं काहीही त्यावर वाजवलं की बिघडतं. ती म्हणते, "आई, सगळं चिकटतंय." मला त्यातलं कळत नाही, मी गाणारी नाही की वाजवणारी नाही, पण ऐकताना मलाही ते पटतं.

तर विचारायचं हे की या वाद्यासाठी वेगळी पुस्तकं असतात का, असली तर कुठली. आणि आजोबांच्या वह्यांचं काय करू? आत सगळं हाताने लिहिलेलं नोटेशन आहे. टाकवत नाही आणि वाचताही येत नाही.

पांढरी_चार

ताई, तुमच्या मुलीचा कान चांगलाय. चिकटतंय हाच शब्द बरोबर आहे.

पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर लगेच विरायला लागतो. पियानोसाठी लिहिणाऱ्याने ते विरणं गृहीत धरलेलं असतं. डाव्या हाताला सा-प-ग-प अशी जी फिरकी असते ना, क्लेमेंटीच्या सोनाटिनांमधे पानोपानी आहे बघा, ती पियानोवर झुळझुळते कारण मागचा सूर विझत असतो. ऑर्गनवर पट्टी दाबलेली आहे तोवर सूर तेवढाच्या तेवढा राहतो आणि सोडली की लगेच बंद. शिवाय पट्टी जोरात दाबा की हळू दाबा, आवाज तोच, तो हवेवर चालतो. म्हणजे पियानोच्या पानावरच्या पेडलच्या खुणा, हळू-जोरात, एकेका सुरावरचा आघात, हे सगळं ऑर्गनला लागूच नाही. राहतं काय तर सूर किती वेळ धरला आणि कधी सोडला. सगळं कौशल्य तिथेच.

त्यामुळे नवीन पुस्तक घ्यायच्या आधी घरी आहे त्यातलंच निवडून बघा. बाखच्या दोन आवाजी इन्व्हेन्शन्स, १५ आहेत, १७२३ ची वही. त्याने स्वतःच वर लिहिलंय की दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकणं आणि गायल्यासारखं वाजवणं हा हेतू. दोन्ही हातांना गाणंच असल्यामुळे ऑर्गनवर ते कधीच चिखल होत नाही. तिसऱ्या ग्रेडला जरा जड जातील पण पहिली आणि चौथी जमेल. बाखच्या बायकोच्या, अ‍ॅना माग्दालेनाच्या, वहीतले मिन्युएटही (छोटे नाचाचे तुकडे) चालतील. तो सगळ्यांना येणारा जी मेजरचा मिन्युएट आहे ना, तो बाखचा नाही, पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गनवादकाचा आहे, जुन्या पुस्तकांत अजून बाखच छापतात.

अजून एक, तिला आत्ताच बोट बदलायला शिकवा. पट्टी दाबलेली ठेवून दुसऱ्या बोटाने तिथली जागा घ्यायची, म्हणजे पहिलं बोट पुढच्या सुरावर जायला मोकळं. पियानोवाले पेडलवर भागवतात म्हणून हे राहूनच जातं.

आठफुटी

माझ्याकडेही असाच ऑर्गन आहे, कुपवाडला, त्यामुळे राहवत नाही.

खास याच जातीच्या वाद्यासाठी लिहिलेलं संगीत भरपूर आहे आणि बहुतेक लोकांना माहीतच नाही. नेटवर ऑर्गनची पुस्तकं शोधली की तीन ओळींचं नोटेशन येतं, दोन ओळी हातांना आणि खालची तिसरी पायांना, म्हणजे मोठ्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनचं, ज्याला पायाने वाजवायच्या पट्ट्या असतात. आपले पाय भात्यावर, ते कुठून वाजवणार. म्हणून पहिला नियम, दोन ओळींचंच घ्या.

सेझार फ्रांकचं ल'ऑर्गनिस्ट नक्की काढा. १८९० मधे, त्याच्या शेवटच्या वर्षात, हार्मोनियमसाठी म्हणून लिहिलेल्या ५९ छोट्या चिजा आहेत. हार्मोनियम म्हणजे युरोपातला पायाचा, आपली हाताची पेटी नव्हे. काही तर अर्ध्या पानाच्या आहेत. स्वरपट्टीप्रमाणे गट पाडलेत, सी पासून सुरू करून अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढत जातो, पुरं व्हायच्या आधीच तो गेला. दुसरा गट डी फ्लॅटचा, म्हणजे आपली काळी एक, सी पासून मोजली तर पहिली काळी पट्टी! पहिल्यांदा ती पानं उघडली तेव्हा मला इतका आनंद झाला होता, कारण आपल्याकडे निम्मं गाणं काळी एकमधेच चालतं.

त्यात वर्तुळात १ ते ४ आकडे दिसतील, ते फ्रेंच वाद्याचे स्टॉप आहेत, आपल्या स्टॉपवर ते नसतात. १ आणि ४ म्हणजे आठ फुटी, २ म्हणजे सोळा फुटी, ३ म्हणजे चार फुटी. आठ फुटी म्हणजे लिहिलंय तोच सूर, सोळा म्हणजे एक सप्तक खाली, चार म्हणजे एक सप्तक वर. तुमच्या स्टॉपवर हे फुटांचे आकडे असतील तर जोडी लावा, नसतील तर एकेक ओढून कानाने ठरवा. आणि तुमचा ऑर्गन एफ ते एफ असणार, अमेरिकन बहुतेक तसेच असतात, फ्रेंच वाद्य सी ते सी, त्यामुळे अगदी वरचे सात सूर तुमच्याकडे नाहीत, पण ते लागतातही क्वचितच.

पुढे मोठी झाली की लुई व्हिएर्नचं ओपस ३१, सगळ्या मेजर-मायनर मधल्या २४ चिजा, तीही दोन ओळींवर लिहिलेली, ऑर्गन किंवा हार्मोनियम कशावरही चालतील अशी. अवघड आहेत, आत्ता नको.

ही सगळी आयएमएसएलपी या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट आणि रीतसर मिळतात. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो आणि फ्रांक १८९० ला, व्हिएर्न १९३७ ला गेला, म्हणजे काळजी नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

सातारहून. मी पियानो शिकवते, एक दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

फुकट पीडीएफ घरी वाजवायला उत्तम पण परीक्षेला झेरॉक्स चालत नाही, ग्रेडचं पुस्तक विकतच घ्यायचं, हे आधीच माहीत असू दे, माझ्या एका विद्यार्थ्याची ऐन वेळी फार पळापळ झाली होती. पुस्तकं मी मुंबईहून फुर्टाडोजकडून मागवते, १८६५ पासूनचं दुकान आहे.

प्रिंट काढताना: जुनी पियानोची पुस्तकं साधारण ९ बाय १२ इंचाची असतात, ए फोरवर काढली की सगळं बारीक होतं आणि लहान मुलं मान पुढे काढून वाजवायला लागतात. मोठं काढायला गेलं तर कडेचा मजकूर कापला जातो, आमच्या इथल्या एका दुकानात डाव्या बाजूच्या सगळ्या क्लेफच (ओळीच्या सुरुवातीच्या खुणा) उडवून दिल्या होत्या. समास स्कॅनमधेच कापून टाका आणि मग मोठं करा. कागद जाडच घ्या, ऑर्गनवर पान उभं राहायचा लाकडी आधार सरळसोट असतो, पातळ कागद लगेच वाकतो. आणि स्पायरल करा, डिंकाचं बाइंडिंग उघडं राहत नाही.

कुठली आवृत्ती घेताय तेही बघा. बाखच्या जुन्या पिवळ्या अमेरिकन आवृत्त्यांत संपादकांनी एकोणिसाव्या शतकातल्या चवीप्रमाणे हळू-जोरात, जोडून-तोडून सगळं भरून ठेवलंय, मुलांना वाटतं बाखनेच लिहिलं. जमलं तर उर्टेक्स्ट घ्या, म्हणजे मूळ पाठ तेवढाच. हेन्लेची निळी पुस्तकं महाग आहेत पण कागद, छपाई आणि पान उलटायच्या जागा इतक्या विचाराने केलेल्या असतात की एक तरी घरी असावं. त्यातच शिकणाऱ्याला कळतं की मोकळं पान कसं असतं.

थोडं अवांतर पण आमच्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून सांगते, फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समधे शिकायला होता, पियानोचे धडे त्याने तिथेच घेतले.

मिरजेचा_कॉयर

भजनाची पुस्तकं कुणी सांगितली नाहीत म्हणून लिहितोय. चर्चमधली चार आवाजी गीतांची पुस्तकं म्हणजे पायाच्या ऑर्गनचं रोजचं अन्न. दोन ओळी, चार आवाज, सगळे सूर धरून वाजवायचे, एका गीताला एक पान. तीसेक गीतं बसवली की मुलीला कुठला कॉर्ड कुठे जातो ते हातालाच कळतं. मी मिरजेत लहानपणी असंच शिकलो, रविवारी उपासनेआधी ऑर्गनपाशी उभं राहून, पानं उलटायचं काम माझ्याकडे.

आमच्याकडचं मराठी उपासना संगीत मात्र फक्त शब्दांचं आहे, चाली ज्याच्या त्याच्या डोक्यात. पाश्चात्त्य चालीची गीतं इंग्रजी पुस्तकात सापडतात, पण ना. वा. टिळकांची भजनं म्हणजे ओव्या अभंगांचं वळण, ती म्हातारी माणसं गातात तशीच उचलावी लागतात. टिळक शेवटी साताऱ्यात होते, १९१७ साली त्यांनी तिथे देवाचा दरबार सुरू केला, १९१९ ला गेले. शंभर वर्षं झाली तरी त्या चाली आमच्याकडे कागदावर नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. एक एक करून जुनी माणसं चाललीत.

ताई, म्हणून म्हणतो तुमच्या वह्या आधी वाचवा, पुस्तकं काय मिळतील.

गावभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं दोनदा वाचलं. फ्रांकचं काढलं, तिने पहिल्याच गटातली एक चीज संथपणे वाजवली आणि खरंच चिकटलं नाही!! मला रडूच आलं.

आता वह्यांचं. एक वही बऱ्यापैकी उघडते. निळी शाई, काही ठिकाणी पसरलीये. पहिल्या पानावर कोपऱ्यात "का. १" आहे. सुरांवर टिंबं आहेत, खाली कुठेच टिंब नाही. काही सुरांवर उभी रेघ. खाली १, मधे + अशी खूण. आणि मधे मधे "गु." लिहून एक बाण काढलाय, ते काय कुणालाच कळत नाहीये, आई म्हणते गुरुजींनी सांगितलेलं असेल.

मी शाळेतल्या संगीताच्या पुस्तकावरून वरचं टिंब म्हणजे तार सप्तक समजून मुलीला लिहून दिलं, पण पद इतकं उंच जातंय की कुणी गाऊच शकणार नाही.

खर्जातला_सा

थांबा थांबा, ताई, ती वही पलुस्करांच्या नोटेशन पद्धतीची आहे!

शाळेतलं पुस्तक भातखंडे पद्धतीचं असणार. भातखंड्यांचं वरचं टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), खालचं टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), कोमल सुराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, खालीला (टाळी न देता मोकळी सोडायच्या मात्रेला) शून्य. पलुस्करांचं उलटं: वरचं टिंब म्हणजे मंद्र, तार सुरावर उभी रेघ, कोमलला पाय मोडल्यासारखी खूण, सम म्हणजे १ आणि खाली म्हणजे +. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या खुणा पलुस्करांच्या आहेत. म्हणजे तुम्ही जे वर वाजवत होतात ते दोन सप्तकं खाली आणा, पद आपोआप गळ्यात बसेल.

आणि हे आपल्याकडे सापडावं यात नवल नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, मग १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. या भागातल्या जुन्या माणसांचे हात त्याच वळणाचे.

का. १ म्हणजे काळी एक, सा तिथे. स्टाफ नोटेशनमधे, म्हणजे पाश्चात्त्य पाच रेघांच्या, उतरवणार असाल तर सी शार्प लिहू नका, सात शार्प येतात, डी फ्लॅट लिहा, पाच फ्लॅटमधे भागतं. पद यमन अंगाचं असेल तर मध्यम तीव्र, म्हणजे जी नॅचरल, मग ओळीच्या सुरुवातीला चारच फ्लॅट लावा आणि सा डी फ्लॅटवरच ठेवा. मुलीला सुरुवातीला सोपं हवं असेल तर सा बदला: यमन पांढरी चारवर, काफी पांढरी दोनवर, खमाज पांढरी पाचवर, भैरवी पांढरी तीनवर घेतली की थाटाचे सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. भैरव मात्र कुठूनही तसा बसत नाही.

पांढरी_चार

माझं जरा वेगळं मत आहे. नाट्यपद पाश्चात्त्य नोटेशनमधे लिहू नये असं मला वाटतं. खटके, मुरक्या, लयीच्या मागे पुढे रेंगाळणं, त्यातलं काय येतं कागदावर? पोरगी जे लिहिलंय तेवढंच वाजवेल आणि त्यालाच पद समजेल. ऐकून शिकवा.

खर्जातला_सा

पटतंय अर्धं. पण दादा, ऐकवणारे आजोबा आता नाहीत. त्यांनी स्वतःसुद्धा सांगाडाच लिहिलाय, मुरक्या नाहीत लिहिल्या. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला पहिला प्रयोग याच गावात केला आणि या गावातल्या पोरीला मानापमानातलं एक पद पियानोच्या वर्गात वाजवायला कागदावर मिळू नये? १९११ चं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, खुद्द पेटीवाल्याने बांधलेल्या. सांगाडा लिहा, सम कुठे आहे ती ठळक दाखवा, बाकी जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून भरू दे. दोन्ही करा.

पांढरी_चार

सम ठळक, हे मान्य. तीनतालाचे १६ मात्रांचे चार बार करताना पद जिथून उचलतं तिथूनच पहिला बार धरला तर सगळं चुकतं. सम बारच्या पहिल्या मात्रेवर पाहिजे, आधीचा मुखडा अर्धवट बारमधे घ्या. ताई, एक ओळ लिहून टाका, मी तपासतो.

आठफुटी

मंडळी, "गु." म्हणजे काय ते मला कळलंय असं वाटतं.

ताई, ऑर्गनच्या पट्ट्यांच्या खाली, गुडघ्यापाशी दोन लाकडी पानं आहेत का, बाहेर ढकलता येणारी? उजवीकडची ढकलली की आतली झडप उघडते आणि आवाज मोठा होतो, सोडली की पुन्हा बारीक. गु. म्हणजे गुडघा! बाण म्हणजे ढकल.

गावभागातली

आहेत!! दोन्ही आहेत. आम्ही त्यांना सजावट समजत होतो.

आत्ता लगेच करून बघितलं. खर्जातला_सा यांनी सांगितलं तसं सूर खाली आणले, मुलीने उजव्या हाताने ओळ वाजवली, डाव्या हाताने नुसते सा आणि प धरून ठेवले आणि बाण आला तिथे गुडघा ढकलला. बाण बरोबर अंतऱ्याच्या वरच्या सा वर आहे. आई स्वयंपाकघरातून हातातलं टाकून माडीवर आली, म्हणाली असंच, बाबा असंच करायचे, तिथे आवाज असाच फुलायचा. आईने तीस वर्षांत ते पद ऐकलं नव्हतं.

म्हणजे हे नुसतं पदाचं नोटेशन नाहीये, याच ऑर्गनसाठी लिहिलंय ना?

आठफुटी

हो. अशी वही मी आजवर बघितली नव्हती.

अजिंक्यताऱ्याखाली

ताई आता कृपा करून त्या वहीला घाई करू नका. आधी उघडतात त्या सगळ्या पानांचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश नको. चिकटलेली पानं ओढू नका, वाफ-बिफ देऊ नका, निळी शाई पाण्याने पळते. बुरशी असेल तर उघड्यावर, मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने. उन्हात ठेवू नका. बाकीच्या दोन वह्या कागद जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावू नका. छापील पुस्तकांत गुळगुळीत कागदाची असतील आणि चिकटून वाळली असतील तर ती बहुधा सुटणार नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

गावभागातली

फोटो काढले, ४२ पानं झाली. बाविसाव्या पानापासून "उ.गु." आणि "डा.गु." असं वेगवेगळं लिहिलंय. उजवा कळला. डावा काय करतो? आणि आमचा डावा हलतच नाही, अडकलाय, जोर लावायची भीती वाटते.

आठफुटी

डाव्या गुडघ्याने सगळे स्टॉप एकदम उघडतात, पूर्ण ऑर्गन बोलतो. आजोबांनी तो बहुतेक पदाच्या शेवटी ठेवला असणार, बघा बरं.

जोर अजिबात लावू नका. आत लाकडी दांडा असतो, ओलाव्याने फुगून बसला असेल नाहीतर खिळ्याला गंज असेल.

गावभागातली

शेवटीच आहे! चारही पदांत.

आठफुटी

रविवारी सकाळी येतो कुपवाडहून, स्क्रू ड्रायव्हर आणि ग्राफाइट घेऊन. मिरजेचे कॉयरवाले काका, तुम्हीही या, दोघं असलो तर ऑर्गन भिंतीपासून पुढे ओढता येईल. ताई, तोवर मागची फळी उघडायला जागा करून ठेवा आणि वही खाली आणू नका, माडीवरच बघू.

मिरजेचा_कॉयर

येतो. पान उलटायला मी आहेच.